सुकटीच्या ओळीतली कोपऱ्याची जागा

दौंडच्या बाजारपेठेत सुकट कुठं मिळते हे कुणाला विचारावं लागत नसे. स्टेशनाकडून आलेला माणूस नाक नेईल तिकडं चालत राहिला, की बरोबर सोजरबाईपुढं येऊन उभा राहायचा. दोरखंडाच्या जुन्या दुकानापाशी रस्ता वळतो, त्या कोपऱ्यावर तिची पाटी. शेजारी सिंधूबाईची, आणि पुढं अजून तिघीचौघींच्या. पण कोपरा सोजरबाईचा. आधी तिथं तिची सासू बसायची. सासूचे गुडघे गेले आणि सोजरबाई बसायला लागली, तेव्हा तिची लेक गौतमी अंगावर पीत होती.

सोजरबाई उंच, हाडापेरानं मोठी, आणि तोंडानं त्याहून मोठी. गिऱ्हाइकानं बोंबील उलथापालथ करायला सुरुवात केली की ती त्याचा हातच धरायची. "नवरी बघायला आलाय का? ठिवा खाली. मी देते ते घ्या, घरी जाऊन नावं ठिवा." लोक शिव्या खायचे आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तिच्याचकडं यायचे. माणसांना गोड बोलणाऱ्या दुकानदारापेक्षा खरा माल देऊन खेकसणारी बाई परवडते, असा आपला अनुभव आहे.

सिंधूबाई हिच्या अगदी उलट. ठेंगणी, हळू बोलणारी, गिऱ्हाइकाला मूठभर जवळा जास्तीच टाकणारी. दोघी सारखाच माल विकायच्या, हातभर अंतरावर बसायच्या, तरी त्यांचं कधी वाजलं नाही. सोजरबाईकडं गर्दी झाली की ती ओरडायची, "माझ्यातला संपला, तिच्यातला घ्या," आणि पाटीवर सरळ फडकं टाकायची. फडक्याखाली माल असायचा. सिंधूबाईचा नवरा मारुतराव अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, मुलगा सत्यजीत तेव्हा शाळेत. सोजरबाईला स्वतःचा नवरा नव्हता, म्हणून दुसरीच्या घरची ओढाताण तिला न सांगता कळायची.

त्या ओळीत एक रीत होती. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाची लेक बाळंत झाली, तर शेजारणीनं तिची जागा धरायची. लांबून लक्ष ठेवणं वेगळं आणि जागा धरणं वेगळं. आपली पाटी झाकून तिच्या जागेवर जाऊन बसायचं, आधी तिचा माल विकायचा, मग आपला. कारण बाजारात रिकामी जागा म्हणजे उघडं दार. सकाळी रिकामी दिसली की दुपारी तिथं मोजे-रुमालवाला येऊन बसलाच म्हणून समजा. आणि कुणी सरकारी माणसानं येऊन विचारलं, ही जागा कुणाची, तर म्हणायचं, माझीच. एकदा भामाबाई नावाच्या बाईनं खरं ते सांगितलं होतं, की ही जागा अमकीची, ती लग्नाला गेलीय. बेवारस माल म्हणून त्यांनी पाटीसकट सगळं गाडीत टाकून नेलं. त्यानंतर ओळीतल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी ती "माझीच" म्हणाली असती.

मग नगरपालिकेनं पेठेचा कायापालट करायचं ठरवलं. चौकात एक भलामोठा फलक लागला. त्यावर नव्या पेठेचं चित्र. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एकाच रंगाची दुकानं, माना वाकवलेले दिवे, दौंडात कुणी बापजन्मात न पाहिलेली झाडं, आणि हातात पिशव्या घेऊन हसत चाललेल्या गोऱ्यागोमट्या बाया. सोजरबाई आणि सिंधूबाई बाजार आवरून घरी जाताना त्या चित्रापुढं बराच वेळ थांबल्या.

"ह्यात आपुन कुठं हाय गं?" सोजरबाई म्हणाली.

"आपुन त्या झाडामागं बसलोय," सिंधूबाई म्हणाली.

दोघी हसत हसत घरी गेल्या. भिण्यासारखं काही नव्हतंही. रस्त्यावर बसणाऱ्या सगळ्यांची मोजणी होणार, ज्याची जागा त्याला नव्या मार्केटात गाळा मिळणार, असं पालिकेची माणसं सांगून गेली होती. डोक्यावर पत्रा, खाली फरशी, हात धुवायला नळ. सोजरबाईला त्या नळाचंच जास्त अप्रूप. सुकटीचा वास घेऊन रेल्वेच्या शटलमध्ये चढलं की बाया पदर नाकाला लावतात, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. घरी निघताना हात धुवून निघता येईल, एवढ्या विचारानं ती खूश होती.

मोजणी कोणत्या दिवशी होणार, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वडगाव रासाईहून फोन आला, की सोजरबाईचा धाकटा भाऊ मच्छिंद्र गेला. शेतात मोटार चालू करायला गेला तो तिथंच पडला. सोजरबाई नेसत्या लुगड्यानिशी निघाली. शटलनं केडगाव, तिथून जीप. पाटी तशीच उघडी टाकून ती गेली. जाताना तिनं सिंधूबाईकडं नुसतं पाहिलं. सांगायची गरज नव्हती. भावाच्या दिवसकार्याचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत ती माहेरीच राहिली, आणि तेवढे दिवस सिंधूबाई आपल्या पाटीवर ताडपत्री टाकून कोपऱ्यावर बसली.

त्याच आठवड्यात मोजणीवाले आले. दोन तरणी पोरं, गळ्यात ओळखपत्रं, हातात शाळेतल्या पाटीएवढा फोन. एकानं विचारलं, "ही जागा कोणाची?"

"माझीच," सिंधूबाई म्हणाली.

विचार करून म्हणाली असं नव्हेच, तोंडातून आपोआप गेलं. पोरानं फोटो काढला, नाव घातलं, अंगठा घेतला. मग त्यानं ताडपत्रीकडं बोट केलं. आता ही पण माझीच कसं म्हणायचं?  "ती बाई गावाला गेलीया," सिंधूबाई म्हणाली. "मग नंतर बघू," म्हणून पोरं पुढं गेली, ती पुन्हा काही आली नाहीत. स्वतःचीच जागा तिनं गावाला गेलेल्या बाईची केली आणि शेजारणीची जागा आपल्या नावावर घेतली, तीही शेजारणीचं भलं करायला बसलेली असताना. आता याला काय म्हणावं!

सोजरबाई परत आल्यावर तिनं सगळं सांगितलं. सोजरबाई भावाच्या दुःखात होती, तरी तिला हसू आलं. "फोटूत तू आन् जागा माझी. काय बिघडलं? आपल्याला कोन वळखत न्हाई हितं?"

तिथंच दोघींचं चुकलं. त्यांना वाटलं, आख्खी पेठ ओळखते म्हणजे सगळेच ओळखतात.

पुढं जेसीबी आला. दोरखंडाचं दुकान सकाळी होतं आणि दुपारी नव्हतं. रस्ता खणला, गटारं उघडी पडली, ओळीतल्या बाया जिथं सावली मिळेल तिथं विखुरल्या. दीडेक वर्ष असंच गेलं. मग गाळ्यांची नावं लागली. सिंधूबाईला गाळा होता, सोजरबाईला नव्हता.

सिंधूबाई त्या दिवशी सोजरबाईच्या घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. "आपुन दोगी बसू," ती म्हणाली. "गाळा तुजाच हाय. माजं निस्तं नाव."

सोजरबाईला ते पटलंही होतं. पण गौतमीला नाही. गौतमी कुरकुंभच्या कारखान्यात पॅकिंगला, पाळ्या करणारी पोर. कागदावर नाव नसलं तर गेटवरचा माणूस आत सोडत नाही, हे ती रोज पाहात होती. "सिंधूमावशी हाय तवर ठीक हाय आई," ती म्हणाली, "उद्या तिच्या मागं? सत्यजीत चांगला हाय, मला म्हाईत हाय. पन त्याची बायको येईल, पोरं व्हतील. तवा तू कोन? तुझी जागा हाय तर तुझं नाव पाहिजे." तिनं रीतसर अर्ज केला. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून सोजरबाईनं तिला अडवलं नाही.

सुनावणीच्या दिवशी तिघी कचेरीत गेल्या. सिंधूबाईनं धुतलेलं पातळ नेसलं होतं. गौतमी दुपारच्या पाळीचा डबा घेऊनच आली होती. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं तिघींना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. वाईट माणूस असता तर सोजरबाईनं त्याला बाजारातल्यासारखं झापलं असतं आणि मोकळी झाली असती. पण तो चांगलाच होता, त्यामुळं तिला बोलताच येईना.

सिंधूबाईच आधी उभी राहिली. "साहेब, जागा हिचीच हाय. हिचा भाऊ वारला, म्हनून मी बसले हुते."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "मावशी, नीट ऐका. नियम असा आहे, की आपली जागा दुसऱ्याला चालवायला दिली तर देणाऱ्याचाही हक्क जातो आणि घेणाऱ्याचाही. म्हणजे यांनी तुम्हाला जागा दिली असेल, तर गाळा दोघींनाही नाही." मग तो सोजरबाईकडं वळला. "आणि तुम्ही दिली नसेल, तुम्ही गावाला गेल्याचं बघून यांनी ती बळकावली असेल, तर यांचं नाव कमी करून तुमचं लावता येईल. यांच्यावर खोटी माहिती दिल्याची कारवाई होईल. तुम्ही सांगा मावशी. दिली होती, का बळकावली?"

 दिलीही नव्हती आणि बळकावलीही नव्हती. सिंधूनं ती धरली होती. पण धरणं म्हणजे काय, हे या थंडगार खोलीत काचेच्या टेबलापलीकडच्या माणसाला कसं सांगायचं? त्यानं विचारलेल्या दोन गोष्टींत ते बसतच नव्हतं.

गौतमी तिच्या कानाशी लागली. "आई, बळकावली म्हन. मावशीला आपन मागनं सोडवू. एकदा नाव लागू दे."

सोजरबाईनं सिंधूबाईकडं पाहिलं. आणि सिंधूबाईनं मान हलवली. म्हण, म्हणून. डोळ्यांत पाणी होतं, पण मान अगदी स्पष्ट हलवली.

तीच मान सोजरबाईला सोसली नाही. सिंधूनं नको म्हटलं असतं, हात जोडले असते, तर कदाचित तिच्या तोंडून तो शब्द गेलाही असता. पण आपला भाऊ मातीआड होत असताना जी आपली पाटी झाकून उन्हात कोपऱ्यावर बसली, तिला चोर म्हणायचं, आणि तेही तिच्याच परवानगीनं? 

"जागा तिचीच हाय साहेब," ती म्हणाली. "मी तिथं कवा बसलेच न्हाई."

"आई!" गौतमी ओरडली.

"मग अर्ज कशाला केला?" साहेबानं विचारलं.

"पोरीनं केला. तिला काय म्हाईत न्हाई."

साहेबानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सदर जागेवर मी कधीही व्यवसाय केलेला नाही. त्याखाली सोजरबाईनं सही केली. सही करायला तिला गौतमीनंच शिकवलं होतं, त्याच कोपऱ्यावर बसून, पाटीच्या काठावर पाटी-पेन्सिल ठेवून.

बाहेर आल्यावर सिंधूबाई भिंतीच्या कडेनं निघून गेली. गौतमी जिन्याखाली उभी होती.

"मला खोटं पाडलंस," ती म्हणाली. "पडू दे. पन मला येक सांग. तू तिथं कवा बसलीच न्हाईस, तर मी कुठं वाढले? पोत्यावर कोन निजवत हुतं मला? माश्या कोन हाकत हुतं? आज्जीचं काय? ती बी बसली न्हाई?"

 दोघींपैकी एकीचं तरी घर चालू दे, मारुतरावाचं औषध चालू दे, एकीनं तरी हक्कानं तिथं बसावं, एवढंच सोजरबाईच्या मनात होतं. पण ते लेकीला सांगायला गेलं तर उपकार केल्यासारखं झालं असतं. कंपनीची बस आली, गौतमी चढली. तिनं खिडकीतून वळून पाहिलं नाही. त्यानंतर बरेच दिवस मायलेकी एका घरात राहून भाजीत मीठ कमी-जास्त एवढंच बोलत होत्या.

नवी पेठ सुरू झाली. खरंच चांगली झाली, खोटं कशाला बोला. रस्त्यावर लाल-करड्या फरश्या, दुकानांना एकसारख्या पाट्या, चौकात दौंडवर प्रेम असल्याची मोठाली इंग्रजी अक्षरं. संध्याकाळी लोक तिथं सहकुटुंब फोटो काढायला येतात. सोजरबाई पाटी डोक्यावर घेऊन फिरती करू लागली. रेल्वेच्या चाळी, नदीकडची वस्ती, कधी शटलनं केडगाव. साठी उलटलेली मान दुपारपर्यंत भरून यायची. कुठंही जायचं असलं तरी ती पेठेतून जात नसे. लांबच्या वळणानं, रेल्वेच्या भिंतीकडनं जायची.

एक दिवस चाळीतली बाई म्हणाली, "मार्केटात सुकट आनायला गेले हुते. सिंधूबाई न्हाई, पोरगाच बसतोय."

सोजरबाईला वाटलं, सिंधू आजारी पडली. तिनं पाटी त्याच बाईच्या ओसरीवर ठेवली आणि तडक सिंधूबाईचं घर गाठलं. सुनावणीनंतर ती पहिल्यांदाच तिकडं चालली होती. दुपारची वेळ. मारुतराव कॉटवर पडलेला, सिंधूबाई त्याला पेज भरवत होती. चांगली धडधाकट होती. सोजरबाईला बघून तिचा चमचा थांबला.

"काय झालं तुला?" सोजरबाई दारातूनच खेकसली. "गाळा कुनासाठी घेतला? पोरगं का बसतंय?"

"बस आदी," सिंधूबाई म्हणाली.

"बसत न्हाई. सांग."

सिंधूबाईनं मारुतरावाचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली. "गेले हुते. चार दिस बसले. रोज कुनी ना कुनी इचारायचं, कोपऱ्यावरची सोजरबाई कुठं गेली? मी म्हनायचे, हाय, येईल. मंग एक दिवशी वडगावची एक बाई आली. तुज्या माहेरच्या आळीतली. नव्या मार्केटात तिला काय घावंना. मला म्हनली, आमच्या सोजराक्काची जागा कंची?"

सिंधूबाईनं वर पाहिलं. सोजरबाई दाराला धरून उभी होती.

"कचेरीतला मानूस तवाच गाळे तपासत आला हुता. अगदी म्होरं उभा. तू सही करून दिलेली. आता मी ही तिचीच म्हनावं, तर तू खोटी पडतीस, आन् गाळा बी जातो. मला काय सुचंना गं."

"मंग काय सांगितलंस?"

"म्हनले, अशी कुनी बाई हितं बसत नव्हती."

सिंधूबाईनं पदर तोंडात धरला. "ती बाई माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्हनली, असं कसं, मी लहानपनापासनं तिच्याकडनं नेतीया. मी म्हनले, तुझं काय तरी चुकलं असंल. मंग ती गेली. मी पाटी उचलली आन् घरी आले. सोजरा, त्या पायरीवर माझा पाय ठरत न्हाई आता."

बरं केलंस, असं सोजरबाईला म्हणायचं होतं. तिनं स्वतःच ते साहेबापुढं सांगितलं होतं, खाली सही केली होती, आणि त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. साहेबापुढं बोललेलं ते साहेबापुरतं, असं ती धरून चालली होती. कागदावर काहीही असो, सिंधूच्या शेजारी आपण आहोतच, असं तिला आतून वाटत होतं. आज ते सिंधूच्या तोंडून ऐकलं आणि आपण त्या कोपऱ्यावरून खरोखर उठलो, हे तिला कळलं.

ती दारातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. कॉटवरच्या मारुतरावाला नीट बोलता येत नव्हतं. तो चांगला हात उचलून बायकोला खुणावत होता, की तिला आत घे. सिंधूबाई उठली, दारापर्यंत आली, आणि तिथंच थांबली; अशी कुणी बाई नव्हतीच म्हटलेल्या तोंडानं तिला आत ये कसं म्हणायचं, ते तिला कळेना.